काम परदेशी जातं, तेव्हा बिल कोणाच्या नावावर फाटतं?

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं गेलं. अमेरिकी ग्राहकांसाठीचं काम एखाद्या कंपनीने परदेशातल्या माणसांकडून करून घेतलं, तर त्यापोटी बाहेर पाठवलेल्या रकमेवर २५ टक्के कर लावायचा, हा त्याचा गाभा. विधेयक मांडलं जाणं आणि त्याचा कायदा होणं यात बरंच अंतर असतं. पण असा प्रस्ताव आला की जुना तंटा नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, आमच्या नोकऱ्या पळवल्या. दुसरा म्हणतो, यात सगळ्यांचंच भलं आहे, जरा अर्थशास्त्र शिकून या. हा दुसरा गट पुस्तकी हिशेबात बरोबर असतो. गंमत अशी की त्याच पुस्तकात पुढच्या पानावर एक अट लिहिलेली असते आणि ती तो वाचून दाखवत नाही. ती अट काय, ते समजून घेण्यासाठी आधी पाया पाहू.

नोकरी जाते म्हणजे नेमकं काय जातं?

दोन शब्द एकदाच स्पष्ट करून घेऊ. कंपनीने आपलं काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवणं म्हणजे आउटसोर्सिंग. ती दुसरी कंपनी शेजारच्या इमारतीतलीही असू शकते. काम देशाबाहेर हलवणं म्हणजे ऑफशोअरिंग, मग ते स्वतःच्याच परदेशी शाखेत का असेना. बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट आउटसोर्सिंग म्हणतात. आपला विषय सीमेपलीकडे जाणाऱ्या कामाचा आहे.

अख्खी नोकरी उचलून दुसऱ्या देशात नेली, असं सहसा होत नाही. नोकरी म्हणजे अनेक कामांची मोळी. विम्याचा दावा निकाली काढणाऱ्या कार्यालयाचं उदाहरण घ्या. आलेला अर्ज संगणकात भरायचा, कागदपत्रं जुळतात का ते तपासायचं, दावा मंजूर करायचा की नाही ते ठरवायचं आणि नामंजूर झालेल्या माणसाशी फोनवर बोलायचं. मोळी सोडली की पहिली दोन कामं लगेच वेगळी निघतात. त्यांचे नियम लिहून देता येतात, चूक झाली तर लगेच पकडता येते. तीच आधी जातात. उरलेल्या दोन कामांना पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत, आणि मग कपातीचं पत्र येतं.

मोळी सोडणं आज सोपं झालंय, त्यामागे दोन मोठ्या घटना आहेत आणि दोन्ही वाहतुकीच्या आहेत. २६ एप्रिल १९५६ला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. तोवर जहाजावरचा माल गोण्या, पेट्या, पिंपं असा सुटा चढवला जाई आणि त्याला टनामागे ५.८६ डॉलर खर्च येई. कंटेनरमुळे तोच खर्च १६ सेंटांच्या आसपास आला. समुद्र तेवढाच राहिला, पण कारखान्यांच्या दृष्टीने आटला. दुसरी घटना १९९०च्या दशकाच्या शेवटची. इंटरनेटच्या उन्मादात कंपन्यांनी समुद्रतळाशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त फायबर केबल टाकल्या आणि फुगा फुटल्यावर त्यातल्या बऱ्याच बुडाल्या. ‘ग्लोबल क्रॉसिंग’ने जानेवारी २००२मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ‘टायको’चं अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेलं जाळं भारताच्या व्हीएसएनएलने १३ कोटी डॉलरला घेतलं. गुंतवणूकदार बुडाले, केबल मात्र तिथेच राहिल्या. माहिती पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि मग कापड-खेळण्यांच्या मागोमाग टेबलावरची कामंही निघाली.

मजुरी पाचपट स्वस्त, मग सगळंच का जात नाही?

कारण कंपनी मजुरी विकत घेत नाही, तयार झालेलं काम विकत घेते. समजा, श्रीमंत देशात कामगाराला तासाला १०० द्यावे लागतात आणि तो तासात १० नग काढतो. नगामागे मजुरी १०. गरीब देशात तासाला २० द्यावे लागतात, पण जुनी यंत्रं, खंडित वीज आणि नवखे हात यांमुळे ४ नग निघतात. नगामागे मजुरी ५. पाचपटीची दरी दुपटीवर आली. त्यात जहाजभाडं, बंदरात अडकलेला माल, बाद झालेले नग, देखरेखीसाठी विमानाने ये-जा करणारे साहेब आणि मध्यरात्रीचे व्हिडिओ कॉल धरा. कधी फायदा उरतो, कधी उरत नाही.

हे वरचे खर्च कागदावर आधी दिसत नाहीत, म्हणून भल्याभल्यांचे हिशेब चुकतात. बोइंगने आपलं ७८७ विमान बनवताना पंखांपासून धडापर्यंतचे मोठे भाग जगभरच्या भागीदारांकडे सोपवले. भाग जोडून तयार येतील, आपण ते फक्त एकमेकांत बसवायचे, अशी कल्पना. ८ जुलै २००७ला मोठा समारंभ करून विमान लोकांसमोर आणलं, तेव्हा ते आतून पोकळ होतं आणि बऱ्याच ठिकाणी तात्पुरते खिळे ठोकलेले होते. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते सप्टेंबर २०११मध्ये, ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिराने. दरम्यान धडाचे भाग बनवणाऱ्या एका भागीदाराचा साउथ कॅरोलायनातला कारखाना बोइंगला विकतच घ्यावा लागला. म्हणजे बाहेर दिलेलं काम पैसे मोजून परत आत आणावं लागलं.

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७मध्येच हा प्रश्न उलट बाजूने विचारला होता. बाजारात सगळं मिळतं, तर कंपन्या माणसं नोकरीला ठेवतातच कशाला? त्याचं उत्तर असं, की बाहेरून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, घासाघीस करा, करार लिहा, तो पाळला जातोय का बघा. हा खर्च जिथे जास्त, तिथे काम घरातच राहतं. केबलने आणि संगणकाने तो खर्च कमी केला म्हणून काम बाहेर पडलं. सगळं पडलं नाही, कारण तो खर्च शून्य कधीच होत नाही.

सगळ्यातच हुशार असलेल्या देशाने काम वाटून का द्यावं?

हा या विषयातला सर्वांत अवघड मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबू. शिवणकामाच्या दुकानातला कटिंग मास्तर डोळ्यांसमोर आणा. तो कापड बेततो झकास, आणि काज-बटणही हाताखालच्या पोऱ्यापेक्षा भरभर करतो. तरी तो काज-बटण पोऱ्याकडेच देतो. कारण मास्तर तासभर बटणं लावत बसला, तर तेवढा वेळ कापड बेतायचं राहतं, आणि ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. मास्तरच्या तासाची खरी किंमत म्हणजे त्या तासात न झालेलं बेतकाम.

डेव्हिड रिकार्डो या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८१७मध्ये हेच देशांना लावून दाखवलं. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड विणायला इंग्लंडला १०० माणसं वर्षभर लागतात, पोर्तुगालला ९०. ठरावीक वाइन बनवायला इंग्लंडला १२० लागतात, पोर्तुगालला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही पोर्तुगालने वाइन करावी, इंग्लंडने कापड करावं आणि अदलाबदल करावी. मग इंग्लंडला १२०ऐवजी १०० माणसांच्या श्रमात वाइन मिळते आणि पोर्तुगालला ९०ऐवजी ८०च्या श्रमात कापड. वाचलेली माणसं दुसरं काहीतरी करू शकतात. अर्थतज्ज्ञ याला तुलनात्मक लाभ म्हणतात. कोण जास्त हुशार हा प्रश्नच इथे नाही. कोणतं काम करताना आपण कमी गमावतो, एवढंच पाहायचं.

गणित निर्दोष आहे. पण ‘वाचलेली माणसं दुसरं काहीतरी करू शकतात’ हे वाक्य पुन्हा वाचा. इंग्लंडमधला द्राक्षं तुडवणारा उद्या विणकर होतो, त्याचा पगार बुडत नाही, गाव सुटत नाही, वय आड येत नाही, असं इथे गृहीत धरलंय. आणखी एक गोष्ट रिकार्डोने स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच्या हिशेबात भांडवल सहसा मायदेश सोडत नाही. आज भांडवल आधी विमानात बसतं.

फोन जिथे जोडतात, तिथे पैसा राहतो का?

फार थोडा. युचिंग शिंग आणि नील डेटर्ट या दोन संशोधकांनी २००९च्या आयफोनचा हिशेब मांडला. चीनमधून निघताना फोनचा उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर होता. यातले सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनी आणि अमेरिकेतल्या कंपन्यांचे. ते जोडून फोन तयार करण्याचे चीनला मिळत होते साडेसहा डॉलर. चार टक्केसुद्धा नाहीत. दुकानात फोन ५०० डॉलरच्या आसपास विकला जात होता.

यात दोन गैरसमज एकदम सुटतात. पहिला व्यापारी तुटीचा. सीमाशुल्काच्या कागदावर अख्खे १७९ डॉलर ‘चीनकडून आयात’ म्हणून चढायचे. त्या एका फोनमुळे २००९मध्ये अमेरिकेची चीनशी तूट १९० कोटी डॉलरच्या घरात दिसत होती. फक्त जोडणीचा वाटा धरला तर ती साडेसात कोटींहूनही कमी भरते. दुसरा गैरसमज असा की काम गेलं म्हणजे पैसाही गेला. पैशाचा मोठा भाग मूळ कंपनीच्याच देशात राहतो, फक्त हात बदलतो. जो पगार जोडणी करणाऱ्या कामगाराला गेला असता, तो आता थोडासा परदेशी कामगाराकडे, थोडा स्वस्ताईच्या रूपाने ग्राहकाकडे आणि बराचसा आरेखन करणारे, वकील, व्यवस्थापक आणि भागधारक यांच्याकडे जातो. देशाच्या बेरजेत हे दिसत नाही. बेरजेला कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात, याच्याशी देणंघेणं नसतं.

एकूण फायदाच आहे, तर रडगाणं कशाचं?

फेब्रुवारी २००४मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकीव म्हणाले की आउटसोर्सिंग ही आंतरराष्ट्रीय व्यापाराचीच नवी पद्धत आहे आणि दीर्घकाळात ती अर्थव्यवस्थेच्या हिताची आहे. त्यांच्याच पक्षाच्या, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापतींनी त्यांना जाहीर फटकारलं. बहुतेक अर्थतज्ज्ञ मॅनकीव यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हाची समजूत अशी होती की झळ बसेल, पण ती पातळ होऊन सगळीकडे पसरेल आणि काही वर्षांत विरून जाईल.

तसं झालं नाही. चीन डिसेंबर २००१मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला होता. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेचे ७२२ भाग पाडले, एकेका भागातले लोक रोज कामाला जातात-येतात तो एकेक परिसर. मग चिनी मालाशी थेट स्पर्धा असलेले उद्योग कुठे दाटीने होते आणि त्या परिसराचं पुढे काय झालं, ते तपासलं. चीनमधून आलेल्या सगळ्याच मालाला आउटसोर्सिंग म्हणता येणार नाही, हे खरं. पण कामगाराच्या अंगावर येणारा धक्का त्याच जातीचा. या तिघांनी आणखी सहकाऱ्यांसोबत केलेल्या अंदाजानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या कमी झाल्या. १५ कोटींच्या आसपास कामकरी असलेल्या देशात हा आकडा फार मोठा नाही. अडचण आकड्यात नाहीच, तो कुठे पडला त्यात आहे.

तो नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरीसारख्या फर्निचरच्या पट्ट्यावर पडला, व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलसारख्या कापड विणणाऱ्या गावांवर पडला. अशा गावात मोठा कारखाना बंद झाला की पहिल्या महिन्यात कामगारांचा पगार थांबतो. मग कारखान्याला खोके, गोंद, सुटे भाग पुरवणारे आणि माल वाहणारे बसतात. मग दुकानं आणि न्हावी. घरांच्या किमती पडतात, त्यामुळे नगरपालिकेचा कर आटतो आणि शाळेत शिक्षक कमी होतात. पुस्तक म्हणतं, माणसाने जिथे काम आहे तिथे जावं. पण घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, कारण सगळा गावच घरं विकायला बसलाय. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी तिथेच आहे, म्हातारे आईवडील तिथेच आहेत. हे लोक हलले नाहीत. अनेक जण बेरोजगार राहिले, काही जणांनी अपंगत्वाची सरकारी पेन्शन धरली. याच तिघांनी नंतर २०१९पर्यंतची आकडेवारी पाहिली, तेव्हाही त्या भागांतली खोट भरून निघालेली नव्हती.

दुसरी नोकरी मिळाली तरी पहिल्यासारखी मिळत नाही. लुई जेकबसन, रॉबर्ट लालोंड आणि डॅनियल सलिव्हन यांनी १९९३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या, अनुभवी कामगारांचा मागोवा घेतला होता. अडचणीतल्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्यांची कमाई बऱ्याच वर्षांनंतरही सुमारे २५ टक्के कमीच होती. वीस वर्षं एकाच यंत्रावर काढलेल्या माणसाच्या पगारात त्या यंत्राच्या खाणाखुणा ओळखण्याची किंमत असते. यंत्र गेलं की ती किंमत कोणी देत नाही.

उलट फायदा बघा कसा येतो. खुर्ची थोडी स्वस्त मिळाली, सदरा थोडा स्वस्त मिळाला. प्रत्येकाला, दर खरेदीत, लक्षातही येणार नाही इतका. फायदा देशभर विरघळतो आणि तोटा एका जागी साचतो. म्हणून बेरीज अधिक चिन्हाची असली तरी मतपेटीतून निघणारा राग खोटा नसतो.

एका ज्येष्ठ अर्थतज्ज्ञाने तर बेरजेवरच शंका घेतली. नोबेल पारितोषिक मिळालेले पॉल सॅम्युएलसन यांनी वयाच्या ८९व्या वर्षी, २००४मध्ये, दाखवून दिलं की श्रीमंत देश जे काम करून जगतो नेमक्या त्याच कामात गरीब देश तरबेज झाला, तर श्रीमंत देशाचं एकूण उत्पन्नही कायमचं घटू शकतं. व्यापार बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. फायदा आपोआप होतोच, हे गृहीत धरू नका, एवढंच. जगदीश भगवतींसारख्या मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्यांना ते पटलं नाही. माझ्या मते सॅम्युएलसन यांची शक्यता खरी आहे, पण आजवरचं मोठं दुखणं वाटणीचंच आहे.

नोकऱ्या तर यंत्रांनी खाल्ल्या ना?

बऱ्याच खाल्ल्या. अमेरिकेतले कारखान्यातले रोजगार १९७९मध्ये १ कोटी ९५ लाखांवर होते. चीन बाजारात उतरण्याआधीच ते घसरायला लागले होते. पण घसरणीचा वेग बघा. २०००मध्ये ते १ कोटी ७३ लाखांच्या आसपास होते, म्हणजे एकवीस वर्षांत बावीस लाख कमी. पुढच्या दहाच वर्षांत ते १ कोटी १५ लाखांवर आले. यंत्रं काही २००१मध्ये अचानक जन्माला आली नव्हती. दोन मंदीही त्याच दशकात आल्या, त्यामुळे सगळं पाप चीनच्या माथी मारता येत नाही.

यंत्रांच्या बाजूने एक आकडा नेहमी फेकला जातो. रोजगार घटले तरी कारखान्यांचं उत्पादन वाढतच होतं, म्हणजे काम यंत्राने घेतलं. सुझन हाउसमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्यातली मेख दाखवली. ती वाढ मुख्यतः संगणक आणि चिप बनवणाऱ्या एकाच क्षेत्रातली होती आणि तीही संगणक दरवर्षी वेगवान होत गेल्यामुळे कागदावर फुगलेली. ते क्षेत्र वगळलं तर बाकी कारखान्यांचं उत्पादन जेमतेम वाढलेलं दिसतं.

काम मिळालेल्या देशात तर पिळवणूकच होते?

ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ला भिंतींना तडे दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं आणि २४ एप्रिलला सकाळी इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. ते कपडे श्रीमंत देशांतल्या ब्रँडसाठी शिवले जात होते. कारखाना कोणा दुसऱ्याचा असला की जबाबदारीही दुसऱ्याची होते, ही आउटसोर्सिंगची काळी बाजू तिथे सर्वांना दिसली. त्यानंतर अनेक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या तपासणीचा कायदेशीर बंधनकारक करार झाला. तो आधीही करता आला असता.

तरीही कारखाने निघून जावेत, असं त्या कामगारांच्या संघटना म्हणत नाहीत. त्यांना जास्त पगार आणि न पडणारी इमारत हवी असते. त्यांची तुलना श्रीमंत देशातल्या पगाराशी नसते, घरच्या शेतातल्या बिनपगारी राबण्याशी असते. चीनमध्ये चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास लोक अतिगरिबीतून बाहेर आले. सगळं श्रेय निर्यातीला देणं चूक ठरेल, कारण सुरुवात शेतीतल्या सुधारणांनी झाली होती. पण पुढचा मोठा पल्ला कारखान्यांनी गाठून दिला. पगार वाढले, तसं कपडे शिवण्याचं काम तिथून बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडियाकडे सरकलं. हे काम कोणाकडेच कायम मुक्कामाला राहत नाही.

आता पाळी टेबलावर काम करणाऱ्यांची?

ॲलन ब्लाइंडर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २००६मध्ये सांगितलं की यापुढे शिक्षण कमी की जास्त यावर फार काही ठरणार नाही. काम तारेवरून पाठवता येतं का, यावर ठरेल. केस कापणं पाठवता येत नाही, आयकराचं विवरणपत्र भरणं येतं. त्यांच्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या २२ ते २९ टक्के नोकऱ्या अशा होत्या. त्या जातील असं ते म्हणाले नव्हते, जाऊ शकतात असं म्हणाले होते. कित्येक गेल्या नाहीत, कारण परवाने, भाषा आणि विश्वास आड आले. भारतात मात्र परदेशी कंपन्यांची स्वतःचीच १७०० हून अधिक केंद्रं २०२४पर्यंत उभी राहिली आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास लोक काम करत होते. त्यांना कॉल सेंटर म्हणणं आता जुनं झालं, तिथे चिपचं आरेखन होतं आणि बँकांची जोखीमही मोजली जाते.

काम हलतं तेव्हा ऑफिसात ज्याला केटी म्हणतात, ते नॉलेज ट्रान्सफर होतं. जाणारा कर्मचारी आपलं काम येणाऱ्याला शिकवतो. स्क्रीन शेअर करून कोणती फाइल कुठे असते, कोणता ग्राहक कशावर चिडतो, कोणता जुना प्रोग्राम कधी अडतो, ते सगळं सांगतो. हे नीट पार पाडलं तरच कंपनी सोडतानाची रक्कम मिळेल, अशी अट कित्येक ठिकाणी असते. आणि इतकं तपशीलवार लिहून देता आलेलं काम पुढे यंत्रालाही शिकवता येतं, ही टांगती तलवार काम घेणाऱ्या देशावर आहे.

कर लावला की काम परत येईल?

काही येईल. त्याची किंमत बघा. २०१८मध्ये अमेरिकेने परदेशी वॉशिंग मशीनवर आयातकर लावला. मशीनच्या किमती १२ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर कर नव्हताच, तरी ड्रायरही महागले, कारण दोन्हींची जोडी विकली जाते आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींत वाटून टाकली. देशी कंपन्यांनीही भाव वाढवले, स्पर्धा ढिली झाल्यावर कोण सोडतो! या करामुळे सुमारे १८०० नोकऱ्या आल्या. संशोधकांनी भागाकार केला, तेव्हा दर नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला ८ लाख १५ हजार डॉलर गेले होते. यात त्या कामगाराचा पगार कित्येक वेळा निघाला असता.

सेवांवरच्या २५ टक्क्यांचंही गणित मांडून बघा. देशात १००ला होणारं काम बाहेर ५०ला होत असेल, तर करानंतर ते साडेबासष्टला पडेल. तरी बाहेरच राहील, फक्त ग्राहकाचं बिल वाढेल. बाहेर ८५ला होणारं काम १०६.२५ला पडेल आणि कदाचित परत येईल, किंवा कंपनी म्हणेल की आता सॉफ्टवेअरच घेऊ. म्हणजे जे काम परतण्याच्या काठावर होतं तेच परततं, आणि तेही माणसाकडेच येईल याची खात्री नाही. कराच्या पैशातून देशातल्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा निधी उभारायचा, असंही त्या विधेयकात आहे. माझ्या मते त्यातला विचार करण्याजोगा भाग तेवढाच.

मग पुस्तकातली ती अट कोणती?

जिंकणाऱ्यांचा फायदा इतका असतो की त्यातून हरणाऱ्यांची पूर्ण भरपाई करूनही काही उरतं, म्हणून सगळ्यांचं भलं. हे ‘भरपाई करून’ म्हणजेच ती अट. भरपाई आपोआप होत नाही. कायदा करावा लागतो.

अमेरिकेने असा कायदा १९६२मध्ये, केनेडींच्या काळात केला. आयातीमुळे नोकरी गेलेल्याला प्रशिक्षण आणि काही काळ भत्ता. कल्पना चांगली, अंमलबजावणी अशी: २०००नंतर काम परदेशी गेलेल्या प्रोग्रामरांनी अर्ज केले, तेव्हा कामगार खात्याने ते फेटाळले. कायद्यात ‘वस्तू’ बनवणारे कामगार असा उल्लेख होता आणि तारेवरून जाणारं सॉफ्टवेअर खात्याच्या मते वस्तू नव्हती. तेच सॉफ्टवेअर सीडीवर भरून पाठवलं असतं तर चाललं असतं! प्रकरण न्यायालयात गेलं, २००६मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि सेवा क्षेत्राला कायद्यात रीतसर जागा २००९मध्ये मिळाली.

भरपाई म्हणजे लोकांना फुकट खाऊ घालणं, हा आक्षेप लगेच येतो. डेन्मार्कचं उदाहरण त्यासाठी बघावं. तिथे कंपन्यांना माणूस काढणं तुलनेने सोपं आहे. पण काढलेल्याला दोन वर्षांपर्यंत बेकारी विमा मिळतो आणि त्या काळात त्याने प्रशिक्षण घ्यायचं, काम शोधायचं, हे बंधन असतं. कर भरपूर, हे ओघानेच आलं. ज्याला नोकरी गेल्यावर रस्त्यावर येण्याची भीती नाही, तो कारखाना बंद होण्याला जिवाच्या आकांताने विरोध करत नाही.

अमेरिकी योजनेतही एक छोटी, फारशी कोणाला माहीत नसलेली सोय होती. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या आणि नव्या पगारातला निम्मा फरक सरकार दोन वर्षं देई, कमाल १० हजार डॉलरपर्यंत. घरी बसून मिळणारा हा भत्ता नव्हता, कामावर गेलं तरच मिळायचा. संशोधकांनी तपासलं तेव्हा अशी मदत मिळू शकणारे लोक लवकर कामाला लागले होते, पुढची त्यांची कमाईही जास्त राहिली होती, आणि वाढलेला कर व वाचलेला बेकारी भत्ता धरता सरकारचा खर्च भरून निघत होता. मूळ कायद्याची मुदत संपली तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती वाढवली नाही. १ जुलै २०२२पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं आणि त्याबरोबर ही सोयही थांबली.